नखांतला चिखल आणि संगणकातली वाळू

पहिलं उत्तर आलं तेव्हा रात्रीचे पावणेदोन वाजले होते. पडद्यावर आकडा होता १६४० मीटर प्रतिसेकंद. समुद्राच्या तळातून आवाज किती वेगानं जातो, याचं ते उत्तर. हा वेग बारीक वाळूचा. माझ्या नखांच्या कडांत मात्र त्याच जागेवरचा हिरवट राखाडी चिखल अजून बसलेला होता. तीन दिवसांपूर्वी ग्रॅबनं, म्हणजे तळातला गाळ उचलणाऱ्या लोखंडी पंजानं, वर काढलेला. साबण झाला, ब्रश झाला, तरी निघाला नव्हता. संगणक वाळू म्हणत होता आणि हात चिखल म्हणत होते. त्या दोघांचं एकमत व्हायला पुढे जवळजवळ दीड वर्ष गेलं. त्या दीड वर्षाविषयी लिहायचं आहे.

मी मूळची कुडाळची. शिक्षण इलेक्ट्रॉनिक्सचं, पीएचडी गोव्यात. विषय कुणी विचारला की मी मडक्यापासून सुरुवात करते. बाजारात मडकं घेताना आई ते बोटानं वाजवून बघते. खणखणीत वाजलं तर घ्यायचं, बद्द वाजलं तर कुठेतरी तडा आहे. मडक्याच्या आत न बघता तिला तडा कळतो. माझं काम तेच, फक्त मडकं म्हणजे अरबी समुद्राचा उथळ भाग, आणि वाजवणारं बोट माझं नाही.

खोल महासागरात आवाज तळाला न शिवता शेकडो किलोमीटर जाऊ शकतो. आमच्या किनाऱ्यालगतचं पाणी वीस-तीस मीटरचं. तिथे आवाज वर पृष्ठभागाला आणि खाली तळाला आपटत आपटतच पुढे सरकतो. प्रत्येक आपटीला थोडा तळात शिरतो, उरलेला परत पाण्यात येतो. किती परत येतो ते तळ कशाचा आहे यावर ठरतं. पाण्यात आवाजाचा वेग साधारण १५४० मीटर, वाळूत १७०० च्या आसपास. वेगांत इतका फरक असला की तळाशी साधारण पंचवीस अंशांपेक्षा कमी कोन करून आलेला आवाज जवळजवळ सगळाच्या सगळा परत फिरतो. चिखलात वेग पाण्याइतकाच, कधी पाण्यापेक्षा किंचित कमीही. तिथे असा कोनच नसतो. दर आपटीला थोडा आवाज झिरपतो. म्हणून चार-पाच किलोमीटरवरून आलेल्या आवाजात वाटेतल्या सगळ्या तळाची सही असते. ती वाचायची.

हे कशाला लागतं? आवाजानं पाण्याखालचं शोधणाऱ्या सोनार यंत्रवाल्यांना लागतं, समुद्रात केबल टाकणाऱ्यांना लागतं, पवनचक्क्यांचे खांब रोवायचे तर लागतं. मला स्वतःला वेगळ्या कारणासाठी लागतं. आमच्या सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर पाठीवर उंचवटा असलेले डॉल्फिन, म्हणजे हम्पबॅक, अगदी किनाऱ्याला लागून फिरतात. त्यांचं सगळं जगणं आवाजावर चालतं. उद्या तिथे कुणी खांब ठोकले, तर तो ठोका किती लांबपर्यंत जाईल हे तळावर अवलंबून आहे. वाळू असेल तर लांब, चिखल असेल तर कमी. तळ माहीत नसताना काढलेला आकडा मला मान्य नाही, आणि असे आकडे सर्रास काढले जातात.

कोअर का काढत नाही, असा प्रश्न हमखास येतो. नळी तळात रुतवून गाळाचा खांब वर काढायचा, प्रयोगशाळेत मोजायचा. तेही करतात, आम्हीही केलं. पण त्याला जहाज लागतं, क्रेन लागते, आणि हाती येतो हाताच्या पंजाएवढा व्यास. शेजारी शंभर मीटरवर काय आहे ते त्याला ठाऊक नसतं.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत हे काम स्फोटकांनी केलं गेलं. उथळ पाण्यात सुरुंग उडवायचा आणि लांबवर ऐकायचं. त्या नोंदींचा अर्थ लावताना पेकेरिस नावाच्या गणितज्ञानं वर पाणी, खाली एकच एक तळ एवढंच धरून गणित मांडलं. ते १९४८ साली छापून आलं आणि आजही प्रत्येक विद्यार्थी तिथूनच सुरुवात करतो. मीही केली. सुरुंग मात्र मला नको होता. मार्मागोव्याच्या बंदरात रोज मालवाहू जहाजं येतात-जातात. जहाजाचा पंखा पाण्यात फेस करत फिरतो त्याचा आवाज खर्जापासून वरपर्यंत पसरलेला असतो. जहाज कुठे आहे, हे त्याच्यावरचा एआयएस, म्हणजे जहाजाची ओळख आणि जागा रेडिओवरून कळवत राहणारं यंत्र, स्वतःच सांगत असतो. फुकटचं बोट, फुकटचं मडकं. फक्त कान पाण्यात सोडायचा.

परवानग्यांची कागदं आठ महिने फिरली, त्यावर इथे वेळ घालवत नाही.

दिवाळीनंतर मालीमच्या जेटीवरून एक ट्रॉलर भाड्यानं घेतला. तांडेल मूळचे वेंगुर्ल्याचे, साठीच्या पुढचे. पहिल्याच दिवशी मी नकाशावर बोट ठेवून जागा दाखवली तेव्हा त्यांनी मान हलवली.

‘गो बाय, थय नांगर धरूचो नाय. पिठल्यात पळी घातल्यासारखो जातलो नि तसोच वर येतलो.’

मी वहीत काहीच लिहिलं नाही. ते वाक्य तेव्हाच लिहून ठेवायला हवं होतं.

आम्ही आठ हायड्रोफोन, म्हणजे पाण्याखालचे मायक्रोफोन, एका दोरावर दीड-दीड मीटरवर बांधले. खाली वजन, वर पाण्याखाली राहणारा फुगा, म्हणजे दोर ताठ उभा राहतो. पहिल्या दिवशीचं रेकॉर्डिंग हेडफोन लावून ऐकलं तर सगळ्यावर एक जाड गुंग गुंग पसरलेली, देवळातली तंबोरी कुणी थांबवायलाच विसरलं आहे अशी. जहाज कुठेतरी त्याच्या मागे. मी अ‍ॅम्प्लिफायर तपासला, बॅटरी बदलली, अर्थिंग बघितलं. इलेक्ट्रॉनिक्सच्या माणसाला दोष आधी तारेत दिसतो.

तांडेलकाकांनी हेडफोन मागून घेतला, कानाला लावला आणि लगेच परत दिला. ‘दोरी वाजता ती. वारो लागल्यावर विजेची तार वाजता ना, तशी. हय पाण्याक वढ आसा.’

खरंच तसं होतं. वाहत्या पाण्यात दोराच्या मागे दोन्ही बाजूंनी आळीपाळीनं भोवरे सुटतात आणि दोर थरथरतो. पुस्तकात मी हे वाचलेलं होतं, उपायही वाचलेला होता. तो विकत आणायचा असतो एवढंच मला माहीत होतं. काकांनी नायलॉनच्या जुन्या जाड दोराचा तुकडा घेतला, त्याचे पीळ उलगडले, आणि वीतभर लांबीचे झुपके करून एकेक झुपका आमच्या दोराच्या पिळात ओवायला सुरुवात केली. सुईबिई काही नाही. डाव्या अंगठ्यानं पीळ उघडायचा, झुपका आत, पीळ सोडून द्यायचा, मग उजव्या हातानं ओढून घट्ट. दर वितीला एक. दोन खलाशी आणि मी पण बसलो. चार तासांत वीस मीटर दोराला घोड्याच्या आयाळीसारखे केस आले. पाण्यात हे केस दोराच्या मागे तरंगतात आणि भोवऱ्यांची लय मोडून टाकतात. संध्याकाळी परत सोडला. गुंग गेली.

आणि तेव्हा पहिल्यांदा समुद्र ऐकू आला. वरच्या पट्टीत अखंड तडतड, तापलेल्या तेलात मोहरी टाकल्यासारखी. नांगी फटकारणाऱ्या बारीक कोळंब्या असतात, त्यांचा तो आवाज. अंधार पडायला लागला तसा खालून ढोम्या माशांचा घुमारा सुरू झाला. आणि या सगळ्याच्या तळाशी, अगदी खर्जात, बंदराकडे निघालेलं एक जहाज. मी हेडफोन काढून काकांना दिला. त्यांनी बराच वेळ ऐकलं, काही बोलले नाहीत, फक्त पलीकडच्या खलाशाला बोलावून त्याच्या कानाला लावला.

किनाऱ्यावर आल्यावर स्पेक्ट्रोग्राम काढला. आडव्या बाजूला वेळ, उभ्या बाजूला फ्रिक्वेन्सी, आणि आवाज जितका मोठा तितका रंग उजळ. जहाज लांबून येतं, जवळून जातं, पुन्हा लांब जातं, आणि कागदावर उजळ-काळ्या पट्ट्यांची एक मोठी परडी तयार होते. मधे तळ, दोन्ही कडा वर वळलेल्या. एकाच जहाजाचा आवाज वेगवेगळ्या वाटांनी येऊन एकमेकांत मिसळतो, कुठे वाढतो, कुठे विझतो, त्याचे हे पट्टे. उथळ पाण्यात अंतर दुप्पट झालं की पट्टा साधारण दुप्पट फ्रिक्वेन्सीवर सरकतो. हा नियम पाठ होता, पण स्वतः टाकलेल्या दोरातून तो पडद्यावर उमटलेला पाहिला तेव्हा मी खुर्चीतून उठून उभी राहिले होते.

पट्टे कुठे वाकतात, कुठे फिके पडतात, यात तळ लपलेला असतो. तो काढण्याचा सरळ रस्ता नाही. तळ दिला तर पट्टे कसे येतील ते गणित सांगतं. पट्टे दिले तर तळ कोणता, हे थेट कुणी सांगत नाही. म्हणून उलटं जायचं. एक तळ कल्पायचा, क्राकेन नावाच्या प्रोग्रामला द्यायचा, तो पट्टे काढून देईल, ते आपल्या पट्ट्यांवर ठेवून बघायचे. जुळत नाहीत? दुसरा तळ. असे हजारो तळ करून बघायचे आणि सगळ्यात चांगला जुळणारा ठेवायचा. यालाच आमच्याकडे इन्व्हर्जन म्हणतात.

तर त्या रात्री सगळ्यात चांगला जुळणारा तळ १६४० चा निघाला.

सकाळी मॅडमना, म्हणजे माझ्या पीएचडीच्या मार्गदर्शकांना, दाखवलं. त्यांनी आकड्याकडे बघितलंच नाही. ‘पाण्याची खोली किती धरलीस?’

‘चार्टवर आहे ती. सत्तावीस मीटर.’

‘रेकॉर्डिंग किती वाजताचं?’

मला तिथेच कळलं. चार्टवरची खोली ही जवळजवळ सगळ्यात नीच ओहोटीची असते. त्यातून आम्ही गेलो ते पौर्णिमेच्या आगेमागे, उधाणाच्या दिवसांत, आणि जहाज गेलं तेव्हा भरती भरत आली होती. गोव्याला उधाणाच्या भरती-ओहोटीत दोनेक मीटरचा फरक पडतो. म्हणजे पाणी होतं एकोणतीस मीटरच्या आसपास आणि मी संगणकाला सांगत होते सत्तावीस. मी कोकणातली. भरतीची वेळ बघितल्याशिवाय आमच्या घरी कुणी तिसऱ्यांना किंवा शिंपल्यांना खाडीत उतरत नाही. आणि मी प्रोग्राममध्ये भरती घालायला विसरले होते, याचं वाईट वाटलं, ते अजून वाटतं.

दोन मीटर ऐकायला थोडे वाटतात. पण तीसएक मीटर पाण्यात पट्ट्यांची जागा खोलीच्या वर्गावर चालते. खोलीत सात टक्के चूक म्हणजे अंतरात चौदा टक्के चुकल्यासारखं होतं. अंतर मी एआयएसवरून पक्कं बांधून टाकलेलं. मग बिचारा प्रोग्राम उरलेल्या एकाच गोष्टीला पिळत होता, तळाला.

भरती घातली. पट्टे इतके सुरेख जुळले की एकावर एक ठेवले तर वेगळे ओळखू येऊ नयेत. आणि तळाचा वेग आला १७१०. म्हणजे आणखी कडक वाळू. चूक सुधारल्यावर उत्तर चिखलापासून आणखी लांब गेलं.

यानंतरचे दोन महिने वाईट होते. मी ग्रॅबच्या नमुन्यावर संशय घेतला, जीपीएसवर घेतला, हायड्रोफोनच्या कॅलिब्रेशनवर घेतला. पुन्हा जाऊन त्याच जागी पाच वेळा ग्रॅब टाकला. पाचही वेळा चिखल, बोटांत धरला तर सरकून जाणारा.

उत्तर शेवटी एका साध्या भागाकारात होतं. मी पट्टे वापरत होते ते २०० हर्ट्झपर्यंतचे, कारण तिथे ते सगळ्यात स्वच्छ दिसत. शंभर हर्ट्झच्या आवाजाची एक लाट पाण्यात पंधरा मीटर लांब असते. पंधरा मीटरच्या लाटेला चार मीटर चिखल म्हणजे काय? सतरंजीवर पाय ठेवल्यासारखं. पायाला खालची फरशीच लागते. माझा आवाज चिखलातून आरपार जाऊन खालच्या कडक थराला भिडून परत येत होता, आणि मी मॉडेलमध्ये पेकेरिससारखा एकच तळ ठेवल्यामुळे प्रोग्राम त्या फरशीचा वेग सांगत होता. १७१० खोटं नव्हतं. मी विचारलं त्याचं ते खरं उत्तर होतं. मी सतरंजीबद्दल विचारलंच नव्हतं.

मग ८०० हर्ट्झपर्यंतचं सगळं घेतलं. वरच्या फ्रिक्वेन्सीची लाट दोन मीटरची, तिला चिखल दिसतो. मॉडेलमध्ये दोन थर केले: वर एक, किती जाड ते माहीत नाही, खाली दुसरा. आणि आणखी एक बदल केला, जो मॅडम पहिल्या दिवसापासून सांगत होत्या. सगळ्यात चांगला जुळणारा एकच तळ घ्यायचा नाही. जे जे तळ मोजमापाच्या चुकीच्या मर्यादेत जुळतात ते सगळे ठेवायचे. संगणक एका तळावरून दुसऱ्यावर पाऊल टाकत भटकतो. चांगल्या जागी जास्त वेळ रमतो, वाईट जागी कमी. दोन-तीन रात्रींत लाखभर तळ फिरून होतात. शेवटी हातात आकडा येत नाही, आकड्यांची रास येते. रास उंच आणि अरुंद असेल तर ती गोष्ट आपल्याला माहीत आहे. पसरट असेल तर नाही.

माझ्या राशी अशा आल्या. खालच्या कडक थराचा वेग, उंच आणि अरुंद, १६९० ते १७६० च्या मधे. वरच्या थराचा वेग १४७० ते १५२०. चिखल! त्याची जाडी तीन ते साडेपाच मीटर, जराशी पसरट, आणि वेगाशी बांधलेली: वेग जास्त धरला की जाडीही वाढते, कारण आवाजाला फक्त आत जाऊन यायला लागणारा वेळ कळतो. आणि घनता. घनतेची रास पाटावर पीठ पसरल्यासारखी, या टोकापासून त्या टोकापर्यंत सपाट. म्हणजे एवढं सगळं करून चिखलाच्या घनतेबद्दल आवाजानं मला काहीही सांगितलं नव्हतं.

आधीच्या पद्धतीत याच घनतेला प्रोग्राम दोन दशांश स्थळांपर्यंत आकडा देत होता. तो आकडा मी एका पोस्टरवर छापलाही होता. त्या सपाट राशीकडे मी खूप वेळ बघत बसले. या कामात मी काय शिकले असं कुणी विचारलं तर मी ती रास दाखवते.

दुसरी जागा किनाऱ्याकडे आत, वीस मीटर पाण्यात. हीच माणसं, हाच केसाळ दोर, या वेळी भरतीची नोंद दर दहा मिनिटांनी. जहाज नेहमीसारखं गेलं, पण पट्टे फिकट आले, आणि मॉडेलच्या पट्ट्यांशी कुठेच बसेनात. भटकंती लावली. वरच्या थराच्या वेगाला मी १४५० ते १८०० एवढी मोकळीक दिली होती; एडविन हॅमिल्टन यांनी आयुष्यभर जगभरचा गाळ मोजून जे आकडे १९८० पर्यंत मांडले, त्यांवरून ही मर्यादा घेतली होती. सकाळी येऊन बघते तर सगळी रास १४५० ला चिकटून उभी. एसटीच्या दाराशी गर्दी होते तशी.

मॅडम म्हणाल्या, ‘बाहेर पडायचंय त्यांना. दार उघड.’

मी खालची मर्यादा १०० वर नेली, मनात नसताना. रास सुटली आणि २०० ते ६०० च्या मधे कुठेतरी पसरून बसली. पाण्यातल्या वेगाच्या निम्म्याहूनही कमी. असा वेग कुठल्याच चिखलाचा नसतो. हवेतसुद्धा आवाज ३४० नं जातो.

उत्तर आमच्या किनाऱ्याला जुनंच आहे. दोनापावल्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकातच भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या गाळात वायू अडकलेला असल्याचं नोंदवून ठेवलं आहे. नद्यांनी आणलेला आणि समुद्रात तयार झालेला जैविक कचरा चिखलात गाडला जातो, प्राणवायूवाचून कुजतो, मिथेन तयार होतो, आणि त्याचे बुडबुडे चिखलातच अडकून राहतात. तळाखालचे थर दाखवणाऱ्या ३.५ किलोहर्ट्झच्या यंत्राच्या नोंदीत अशा जागी पडदा ओढल्यासारखं होतं, खालचं काहीच दिसत नाही. मी हे वाचलेलं होतं. माझ्या वीस मीटरच्या जागी ते असेल असं मनात आलं नव्हतं.

थोडेसे बुडबुडे वेग एवढा कसा पाडतात, ते घरी करून बघता येतं. काचेच्या पेल्यात पाणी घ्या, इनो टाका आणि लगेच चमच्यानं पेला वाजवत राहा. आधी आवाज खाली, बद्द. बुडबुडे निघून जातील तसतसा वर चढत जातो. पेला तोच, पाणी तेच. बुडबुड्यांमुळे पाणी दाबलं जाऊ लागतं, वजन मात्र तेवढंच राहतं, म्हणून आवाज रेंगाळतो. आईला करून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, तडा गेलेलं मडकंही असंच वाजतं.

त्याच भागातला एक कोअर दुसऱ्या विभागाच्या जहाजानं काढलेला होता. तो उघडताना मला बोलावलं. पीव्हीसीची नळी उभी कापली, तारेनं चिखल दोन भागांत केला, वरचा अर्धा भाग उलटला. कुजक्या अंड्यांचा वास खोलीभर. आणि चिखलाच्या कापलेल्या तोंडावर आंबोळीसारखी जाळी. तव्यावर आंबोळी फुलते तशी, लहान-मोठी छिद्रं, काही लांबट, काही चिरा. वायू होता तेव्हाची ती घरं. समुद्रातून वर येताना दाब कमी झाला, बुडबुडे फुगले, फुटले, गेले.

त्याच कोअरवर प्रयोगशाळेत मोजलेला आवाजाचा वेग होता १४९०. साधा, पुस्तकातला चिखल. माझा आवाज म्हणत होता २०० ते ६००. या वेळी मला रात्रभर जागायला लागलं नाही. प्रयोगशाळेतला आवाज काही लाख हर्ट्झचा. बुडबुडे स्वतः ज्या लयीत थरथरतात त्याच्या कितीतरी वरचा. त्याला बुडबुडे चकवून जाता येतं, आणि मुळात बरेच बुडबुडे निघूनही गेलेले. माझा जहाजाचा आवाज त्या लयीच्या खालचा, त्याला बुडबुड्यांसकट सगळा चिखल एकजीव लागतो. १९८० मध्येच अँडरसन आणि हॅम्प्टन यांनी हे गणित मांडून ठेवलेलं आहे. दोन्ही आकडे बरोबर होते. डॉल्फिनपर्यंत खांबाचा ठोका कसा पोचेल हे विचारायचं तर खर्जातला आकडा घ्यावा लागेल, आणि तो २०० ते ६०० असाच लिहावा लागेल. शोधनिबंधाच्या तक्त्यात मी तसाच लिहिला. एका परीक्षकांनी मधला आकडा द्या असं सुचवलं होतं. मी दिला नाही, कारण काय ते सविस्तर लिहून पाठवलं, आणि त्यांनी ते मान्य केलं.

हे सगळं झाल्यावर मी मालीमला गेले, काकांना सांगायला. ते जाळ्याला गाठी मारत बसले होते.

‘मगे, काय म्हणता तुझो कंप्युटर?’

मी सांगितलं. बाहेरच्या जागी चार मीटर चिखल, खाली कडक. आतल्या जागी चिखलात वायू.

‘भायर चिखल नि खाली घट, ता खरा. नांगर लांब दोरी देवन टाकलो तर खाली जावन धरता मागीर. नि भितुर…’ त्यांनी गाठ दातानं ओढली. ‘थय आमी जाळी मारणव नाय. कुजको वास घेवन येता. माझो बापूस पण मारी नसलो.’

भटकंती सुरू करण्याआधी संगणकाला सांगावं लागतं की आपल्याला आधीपासून काय ठाऊक आहे. तो रकाना मी दोन्ही वेळा पुस्तकातून भरला होता. मी वही काढली. काका सांगत गेले: आग्वादचं दीपगृह अमुक डोंगराच्या सोंडेवर आलं की तिथून दक्षिणेला वास सुरू, अमुक ठिकाणी नांगर घसरतो, अमुक ठिकाणी जाळ्यात शंखांचा चुरा येतो, म्हणजे वाळू. दीड तासात सोळा जागा झाल्या. त्यांतल्या काहींना ते ‘बापाशीचा सांगणा’ म्हणाले, त्या मी वेगळ्या रंगानं लिहिल्या, म्हणजे तिथे मर्यादा जरा रुंद ठेवता येईल.

पावसाळ्याची बंदी उठल्यावर, ऑक्टोबरात समुद्र शांत झाला की त्यांतल्या चार जागी दोर सोडायचा आहे. त्या दिवसांत तळाशी गार पाणी असतं, त्यामुळे आवाज खाली वाकतो आणि तळाला जास्त आपटतो. ऐकायला तो काळ चांगला. केस झडलेत दोराचे बरेच. काकांनी जुना नायलॉन जमवून ठेवलाय.